स्नोमोबाइल की साइड-बाय-साइड: नवख्या कुटुंबाने सुरुवात कशी करावी

स्नोमोबाइलवर, म्हणजे हिमावर धावणाऱ्या यंत्रावर, कुटुंब एकामागोमाग एक असे रांगेत जाते आणि साइड-बाय-साइडमध्ये, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या चारचाकीत, ते एकाच गाडीत शेजारी शेजारी बसते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण नवख्या कुटुंबाचा पहिला हंगाम सुखाचा जातो की कटकटीचा, हे बहुधा त्यावरच ठरते. इंजिनाची ताकद, वेग आणि रंगसंगती यांबद्दल विक्रेता भरभरून बोलेल. घरातल्या सर्वांत लहान किंवा सर्वांत धास्तावलेल्या माणसाला त्या यंत्रावर बसून नेमके काय करावे लागणार आहे, हा प्रश्न मात्र आपला आपणच विचारावा लागतो, आणि पुढील पायऱ्या त्याच प्रश्नाभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी: यंत्रांची ओळख

स्नोमोबाइलला पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद, फिरता पट्टा म्हणजे ट्रॅक असतो. स्वार तिच्यावर मोटरसायकलप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो, हँडलबारने स्की वळवतो, उजव्या अंगठ्याने थ्रॉटल (वेग वाढवणारा खटका) दाबतो आणि डाव्या हाताने ब्रेक लावतो. गिअर बदलण्याची भानगड नसते, कारण इंजिनाची ताकद बेल्टवर चालणाऱ्या सीव्हीटी या स्वयंचलित यंत्रणेमार्फत ट्रॅककडे जाते. साइड-बाय-साइडमध्येही सीव्हीटीच असते, मात्र बाकीची रचना मोटारीच्या वळणाची आहे: स्टिअरिंग, पायाखाली पेडल, दोन, चार किंवा सहा आसने, प्रत्येकाला सीट बेल्ट आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, ज्याला रोल केज म्हणतात.

या दोन यंत्रांचा इतिहास परस्परांच्या उलट दिशेने गेला आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील व्हालकूर येथील जोसेफ-आर्मंड बोम्बार्डिए यांनी 1930 च्या दशकात बनवलेली बी-7 ही हिमगाडी बंद टपाची होती आणि तिच्यात सात माणसे बसत. एका-दोघांनी उघड्यावर बसून चालवायची हलकी स्की-डू 1959 मध्ये आली आणि तेव्हापासून हिमावरचा प्रवास हा एकट्या स्वाराचा खेळ होत गेला. साइड-बाय-साइडचा उगम शेतावर आणि कारखान्यांच्या आवारात ओझी वाहणाऱ्या गाड्यांत आहे. कावासाकीची म्यूल 1988 मध्ये आली ती कामाची गाडी म्हणूनच. यामाहाची 2004 ची रायनो आणि पोलारिसची 2008 ची आरझेडआर यांनी त्या प्रकाराला करमणुकीकडे वळवले आणि पुढे चार आसनी मॉडेल आल्यावर त्याची कौटुंबिक गाडी झाली.

दुसरी पायरी: कोण कुठे बसणार, हे कागदावर लिहून काढणे

कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि उंची लिहावी आणि त्यापुढे तो चालवणार आहे की नुसता बसणार आहे, हेही लिहावे. या एका कागदामुळे निम्मा निर्णय होऊन जातो. चौघांच्या कुटुंबाला साइड-बाय-साइड एक पुरते. स्नोमोबाइल घ्यायची तर किमान दोन लागतात, त्याही मागे बसणाऱ्यासाठी खास आसन असलेल्या, कारण एकासाठी बनवलेल्या स्लेडवर दोघांनी बसणे हे केवळ गैरसोयीचे नसून धोक्याचे आहे. (उत्तर अमेरिकेतले स्वार स्नोमोबाइलला बोलताना स्लेडच म्हणतात, म्हणून तो शब्द येथेही येईल.)

खरा मुद्दा मागे बसणाऱ्याचा आहे. स्नोमोबाइलवर मागे बसणारा माणूस प्रवासी नसतो. तोही अर्धा स्वारच असतो. वळणावर चालक ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला त्याने झुकायचे असते, उंचवटा आला की आसनावरून किंचित उठून गुडघ्यांवर धक्का घ्यायचा असतो, आणि हे सर्व समोरचे फारसे दिसत नसताना, हेल्मेटमधून काही ऐकू येत नसताना करायचे असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे अर्धा तास जमते. त्यानंतर ते कंटाळते, पेंगते आणि मग त्याचा तोल चालकाच्या लक्षात न येता सुटू लागतो. पेंगणारे मूल मागे आहे हे चालकाला कळण्याचा मार्गच नसतो, ही स्नोमोबाइलची माझ्या मते सर्वांत मोठी कौटुंबिक उणीव आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सहा वर्षांखालील मुलांना स्नोमोबाइलवर मुळीच बसवू नये आणि सोळा वर्षांखालील मुलांना ती चालवू देऊ नये, असा सल्ला दिला आहे. लहान मुलांसाठी 120 सीसीच्या, वेग मर्यादित ठेवलेल्या छोट्या स्लेड मिळतात आणि अनेक घरांत मुले त्यांवरच शिकतात हेही खरे. पण त्या मोकळ्या मैदानात, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर फिरवायच्या असतात, ट्रेलवर, म्हणजे आखून दिलेल्या वाटांवर, नेण्यासाठी नव्हे.

साइड-बाय-साइडमध्ये मुलाने फक्त बसायचे असते, मात्र ते नीट बसू शकते का, हे तपासावे लागते. ही तपासणी गाडी उभी असताना दोन मिनिटांत होते. मुलाला आसनावर बसवून त्याची पाठ पूर्ण टेकवावी, बेल्ट लावावा आणि मग पावलांकडे पाहावे: दोन्ही पावले तळाशी सपाट टेकली पाहिजेत आणि हात समोरच्या दांड्यापर्यंत पोहोचला पाहिजे. पाय लोंबकळत असतील, किंवा ते टेकवण्यासाठी मूल पुढे घसरत असेल, तर ते मूल त्या आसनासाठी अजून लहान आहे, मग वय काहीही असो. काही मॉडेलमध्ये उत्पादकाने प्रवाशासाठी बारा वर्षांची अट घातलेली असते. गाडीवर चिकटवलेल्या सूचनापट्टीवर ती लिहिलेली असते आणि भाड्याची गाडी घेतानाही ती वाचावी. मोटारीतले मुलांचे आसन आणून येथे बांधणे हा उपाय नव्हे, कारण या गाड्यांची आसने व बेल्ट त्यासाठी बनवलेले नसतात.

घरात कंबरदुखीचे किंवा मानेच्या दुखण्याचे कोणी असेल तर दोन्हींचा विचार जपून करावा. साइड-बाय-साइडचे सस्पेन्शन लांब असते, पण खडकाळ वाटेवर बसल्या जागी बसणारे हेलकावे दिवसभर सोसावे लागतात. स्लेडवर निदान उभे राहून धक्का पायांवर घेता येतो.

तिसरी पायरी: हंगाम आणि जागा

स्नोमोबाइलला नुसती थंडी पुरत नाही, पुरेसे हिम लागते, आणि यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक द्रवशीतित स्लेडमध्ये इंजिनाची उष्णता ट्रॅकच्या वरच्या बोगद्यासारख्या भागातील नळ्यांमध्ये येते आणि फिरता ट्रॅक जे हिम उडवतो त्याने ती थंड होते. शिवाय ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांनाही वंगण म्हणून हेच हिम लागते. हिम विरळ झाले आणि खालचा टणक बर्फ किंवा जमीन लागली की इंजिन तापते आणि पट्ट्या वितळू लागतात. म्हणून मिशिगनसारख्या राज्यात ट्रेलचा हंगाम 1 डिसेंबर ते 31 मार्च असा ठरलेला असला, तरी प्रत्यक्षात किती आठवडे मिळतील हे आकाशाच्या मर्जीवर अवलंबून असते. लेक सुपीरियरच्या वाफेमुळे भरपूर हिम पडणारा मिशिगनचा अप्पर पेनिन्सुला, क्यूबेक आणि मिनेसोटा हे नवख्यांसाठी चांगले प्रदेश, कारण तेथे ग्रूमर यंत्राने सपाट केलेल्या, पाट्या लावलेल्या वाटांचे दाट जाळे आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही स्नोमोबाइलने जाता येते, पण तेथे मार्गदर्शकासह आणि ठरावीक प्रदूषण-मानकांच्या स्लेडवरच जायचे असते आणि वेगमर्यादा ताशी 35 मैल असते. पहिल्या अनुभवासाठी ही शिस्त वाईट नाही.

साइड-बाय-साइडला वसंतापासून शरदापर्यंत आणि उबदार प्रदेशांत वर्षभर फिरवता येते. वेस्ट व्हर्जिनियातील जुन्या कोळसा-पट्ट्यात पसरलेल्या हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल वर्षभर खुल्या असतात आणि वाटांची काठिण्यपातळी रंगांनी दाखवलेली असते. युटामधील पायूट ट्रेल गावागावांना जोडत जाते, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांना इंधन, जेवण आणि स्वच्छतागृह यांची विवंचना कमी. जाण्यापूर्वी गाडीची रुंदी मात्र पाहावी. अनेक अरुंद वाटांवर 50 इंचांपेक्षा रुंद गाडीला मज्जाव असतो आणि चार आसनी खेळाच्या गाड्या त्याहून बऱ्याच रुंद असतात.

चौथी पायरी: परवाना, नोंदणी आणि प्रशिक्षण

येथे प्रत्येक राज्याचे व प्रांताचे नियम वेगळे आहेत, तेव्हा एकाच ठिकाणचे ऐकून दुसरीकडे जाऊ नये. उदाहरणार्थ, 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात, आणि 1 जानेवारी 1985 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बारा वर्षांवरील व्यक्तींना विस्कॉन्सिनमध्ये, स्नोमोबाइल चालवण्यासाठी सुरक्षा-प्रमाणपत्र लागते. साइड-बाय-साइडबाबत रोह्वा ही उत्पादकांची संघटना चालक किमान सोळा वर्षांचा आणि वाहन परवाना असलेला असावा असे सांगते आणि तिचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. घरातल्या सर्वांनी मिळून एका संध्याकाळी तो पाहावा. जे मूल अजून चालवणार नाही, तेही पुढे आईबाबांच्या चुका काढू लागते आणि त्याचा फायदाच होतो.

पाचवी पायरी: कपडे

हिमावर वारा हा खरा शत्रू असतो. हवेचे तापमान उणे 10 अंश सेल्सिअस असताना ताशी 50 किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या त्वचेला ते उणे 22 अंशांसारखे लागते, आणि 50 हा स्लेडसाठी काही मोठा वेग नव्हे. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर असावा. सुती कापड कटाक्षाने टाळावे, कारण ते ओले झाले की ओलेच राहते. त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारा सूट असावा. चालकाच्या हँडलला गरम करणारी सोय असते, हे लक्षात ठेवून मागे बसणाऱ्याची अधिक काळजी घ्यावी, कारण चालकाला ऊब लागत असल्यामुळे मागचे मूल गारठले आहे हे त्याच्या ध्यानीच येत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून मुलाच्या नाकाचा शेंडा, गाल आणि बोटे पाहावीत. त्वचा पांढुरकी, मेणासारखी दिसू लागली आणि मुलाला तेथे काही जाणवत नसेल, तर हिमदंशाची सुरुवात समजून लगेच निवाऱ्यात जावे. तो भाग चोळू नये.

साइड-बाय-साइडचा त्रास धुळीचा आहे. मागच्या गाडीतल्या कुटुंबाला पुढच्या गाडीचा धुरळा खावा लागतो, म्हणून गॉगल, नाकातोंडावर कापड आणि लांब बाह्या हव्यातच. हेल्मेट दोन्हीकडे सर्वांनी घालावे. रोल केज आहे म्हणून हेल्मेट नको, हा युक्तिवाद ऐकायला मिळतो; पण डोके आपटते ते बहुधा त्या केजवरच.

सहावी पायरी: भाड्याच्या यंत्रावर पहिला तास

पहिल्या वर्षी विकत घेऊ नये. अर्ध्या दिवसासाठी भाड्याने घ्यावे.

स्लेडवर बसण्यापूर्वी ती मागच्या बंपरला धरून किंचित उचलून सोडावी. रात्रभर उभी राहिल्यावर ट्रॅक आणि स्की जमिनीला चिकटून गोठलेले असतात, आणि तसेच थ्रॉटल दाबले तर सीव्हीटीचा बेल्ट उगीच जळतो. पाठ सांभाळून, गुडघ्यात वाकून हे करावे. त्यानंतर थ्रॉटल दाबून सोडून पाहावे. अंगठा काढताच ते आपोआप जागेवर आले पाहिजे, अडकले तर इंजिन सुरूच करू नये. इंजिन तत्काळ बंद करणारा किल स्विच कुठे आहे हे डोळे मिटून सापडले पाहिजे, आणि टेदरची दोरी असेल तर तिचे टोक कपड्याला अडकवावे, म्हणजे स्वार पडला की इंजिन बंद होते. मग मोकळ्या, सपाट जागी सावकाश आठच्या आकड्यात फिरावे. नवखा माणूस घाबरला की मुठी आवळतो, आणि स्लेडवर मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो, म्हणजे थांबायच्या वेळीच ती पुढे झेपावते. यावर एकच तोडगा आहे: थांबताना अंगठा थ्रॉटलवरून उचलून बाजूला घेण्याची सवय पहिल्याच तासात लावून घ्यावी. वळण्याआधीच वेग कमी करावा आणि शरीर आतल्या बाजूला झुकवावे. वळणात जोराने थ्रॉटल दिले की स्कींवरचा भार हलका होतो आणि स्लेड वळायची सोडून सरळ जाऊ लागते.

साइड-बाय-साइडमध्ये बसल्यावर पहिली पंधरा मिनिटे मोटार चालवणाऱ्याला सगळे येते असे वाटते, आणि अडचण नेमकी तीच आहे. ही गाडी उंच असते, टायर मऊ असतात आणि सपाट मैदानावर वेगात स्टिअरिंग झटक्याने फिरवले तरी ती उलटू शकते. सर्वांना बजावून सांगायचा नियम हा की गाडी कलंडू लागली तर हात किंवा पाय बाहेर काढायचा नाही. तोल जाताना हात टेकवणे ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे आणि या गाडीत तिच्यामुळेच हाताचा चेंदामेंदा होतो. म्हणून गाडी उभी असतानाच सराव करावा: ‘धरा’ असे म्हणताच प्रत्येकाने समोरचा दांडा पकडायचा, चालकाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे. मुले हा खेळ आनंदाने खेळतात. दारे किंवा खांद्याजवळच्या जाळ्या लावल्याशिवाय निघू नये. चढाव, चिखल आणि संथ खडकाळ भागात लो रेंज (कमी वेगाची, जास्त ताकदीची गिअर-पातळी) वापरावी. हाय रेंजमध्ये रांगत राहिले की सीव्हीटीचा बेल्ट तापून जळतो आणि पुढचा तास तो बदलण्यात जातो.

सातवी पायरी: ट्रेलवर

पुढे अनुभवी चालक, शेवटी अनुभवी चालक, नवखे मध्ये. ही रचना दोन्हीकडे सारखी. उजव्या बाजूने जावे. समोरून कोणी आले तर आपल्या मागे किती यंत्रे आहेत ते बोटांनी दाखवण्याची रीत आहे आणि रांगेतला शेवटचा स्वार मूठ दाखवतो. अरुंद, झाडीतल्या वळणावर ही मूठ दिसली की जो दिलासा वाटतो, तो अनुभवल्याशिवाय कळत नाही. मात्र खुणेसाठी हात सोडणे नवख्याला अवघड जात असेल, तर त्याने दोन्ही हात हँडलवरच ठेवावेत.

आपण मराठीत भुरभुरणाऱ्या हिमालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या तळ्यालाही बर्फच म्हणतो, पण येथे हा भेद जिवावरचा आहे. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या तक्त्यानुसार नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी स्नोमोबाइलसाठी 5 ते 7 इंच आणि साइड-बाय-साइडसाठी 7 ते 8 इंच असावी. पांढरा, धूसर बर्फ यापेक्षा बराच कमकुवत असतो, म्हणून त्यासाठी दुप्पट जाडी धरतात. एकाच तळ्यात ओढा मिळतो त्या तोंडाशी बर्फ पातळ असू शकतो. कुटुंबासह जाताना माझा सल्ला साधा आहे: तळे ओलांडणारी वाट पहिल्या हंगामात घेऊच नये, किनाऱ्याने जावे, मग वेळ दुप्पट लागला तरी चालेल. अमेरिकेच्या डोंगराळ पश्चिमेत हिमस्खलनाचा धोका बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर असतो, आणि तो धोका अशा उताराच्या पायथ्याशी उभे राहणाऱ्यालाही असतो. बीकन, प्रोब आणि फावडे या, हिमाखाली गाडल्या गेलेल्याला शोधून काढण्याच्या साधनांचे प्रशिक्षण नसलेल्या कुटुंबाने तिकडे फिरकू नये.

साइड-बाय-साइडने उतार आडवा कापणे टाळावे आणि शक्य तो सरळ चढावे, सरळ उतरावे. आडवे जाताना गाडी खालच्या बाजूला कलू लागली, तर स्टिअरिंग उताराच्या दिशेनेच वळवायचे असते; मनाला हे पटत नाही, म्हणून ते आधी तोंडपाठ करून ठेवावे. पावसानंतर भिजलेल्या वाटेवर जाऊ नये. चाकोऱ्या खोल होतात आणि वाट बंद होण्याची वेळ येते.

मद्याचा थेंबही परतेपर्यंत नको. इंधन एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेले अडीअडचणीसाठी धरावे.

आठवी पायरी: हिशेब आणि खरेदी

चार आसनी खेळाची नवी साइड-बाय-साइड सहज 20,000 डॉलरच्या वर जाते. एक स्लेड त्याहून स्वस्त पडते, पण कुटुंबाला दोन लागतात हे धरले की अंतर मिटते, आणि चार हिवाळी पोशाख, चार हेल्मेट जोडले की कधीकधी पारडे फिरते. वाढत्या वयाच्या मुलांचे ते पोशाख दोन हंगामांत तोकडे होतात, हेही ध्यानात घ्यावे. दोन स्लेड वाहून नेणारा ट्रेलर हलका असला तरी चालतो, तर चार आसनी गाडीसाठी लांब, भक्कम ट्रेलर आणि तो ओढणारी दमदार गाडी लागते. हिवाळ्यात चाकांऐवजी ट्रॅक बसवून साइड-बाय-साइड हिमावर नेता येते, पण तो संच महाग असतो आणि ग्रूम केलेल्या स्नोमोबाइल ट्रेलवर अशा गाडीला पुष्कळ ठिकाणी परवानगी नसते. म्हणून ‘एकाच गाडीत दोन्ही ऋतू’ या कल्पनेला भुलून खरेदी करू नये.

मुले सहा-सातच्या आतली असतील तर मी दोन्ही यंत्रे लांबणीवर टाकायला सांगेन. मुले दहाच्या आसपासची, पाय टेकणारी, पण स्वतः चालवण्याच्या वयाची नसतील तर साइड-बाय-साइड. मुले मोठी, प्रत्येकाला आपापले यंत्र हाताळायची हौस आणि घर हिमाच्या प्रदेशात असेल तर स्नोमोबाइलची मजा दुसऱ्या कशात नाही.

वापरलेले यंत्र घेणार असाल तर स्लेडच्या खाली वाकून त्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि ट्रॅकच्या कडा पाहाव्यात. पट्ट्या झिजून चपट्या झाल्या असतील तर ती बहुधा हिम नसलेल्या वाटेवर फिरली आहे. साइड-बाय-साइडचे एअर फिल्टरचे झाकण उघडून आत बोट फिरवावे. बोटाला माती लागली तर ती इंजिनातही गेली आहे असे समजून दुसरी गाडी पाहावी. रोल केजच्या जोडांवर नवा रंग दिसला तर तो का दिला, हे विचारावे आणि उत्तर देताना विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही पाहावे.